वारंवार 'कॅज्युअल्टी'त येणारे रुग्ण : कारणांचा शोध

पुणे - रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेल्या 'कॅज्युअल्टी'त, रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना काही चेहरे ओळखीचे झालेले असतात. धाप लागलेले एखादे आजोबा मध्यरात्री रिक्षातून आणले जातात. केसपेपर निघतो, नेब्युलायझर लावला जातो, पहाटेपर्यंत धाप कमी होते आणि आजोबा घरी जातात. महिन्याभराने पुन्हा तीच रिक्षा, तोच मुलगा आणि तीच धाप. अशा रुग्णाविषयी 'हा नेहमीचाच' असा शेरा सहजपणे मारला जातो. हा शेराच कधीकधी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. दहा वेळा छातीत दुखते म्हणून आलेल्या आणि दहाही वेळा ईसीजी 'नॉर्मल' निघालेल्या माणसाला अकराव्या वेळी हृदयविकाराचा झटका येणारच नाही, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

वर्षभरात चार किंवा त्याहून अधिक वेळा तातडीच्या विभागात येणाऱ्यास 'वारंवार येणारा रुग्ण' मानण्याचा प्रघात वैद्यकीय संशोधनात आहे. हा आकडा सर्वमान्य नाही. काही ठिकाणी तो पाच, तर काही ठिकाणी दहा धरला जातो. अमेरिकेतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात येणाऱ्या एकूण रुग्णांपैकी असे रुग्ण साडेचार ते आठ टक्केच असतात, मात्र एकूण भेटींपैकी २१ ते २८ टक्के भेटी त्यांच्या असतात, असे त्यात आढळले. ब्रिटिश रेडक्रॉसने २०२१ मध्ये इंग्लंडविषयी दिलेला अहवाल त्याहून बोलका आहे. तेथे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी असलेल्या या गटाच्या वाट्याला तातडीच्या विभागातील १६ टक्क्यांहून अधिक भेटी जात होत्या.

पुण्यासारख्या शहरात ही मोजणी अवघड होण्याचे एक कारण अगदी साधे आहे. एकच रुग्ण या महिन्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात, पुढच्या महिन्यात मंगळवार पेठेतील महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात आणि त्यानंतर घराजवळच्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयात जातो. प्रत्येक ठिकाणी त्याचा केसपेपर वेगळा असतो. तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच आलेला असतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 'आभा' क्रमांक हा दुवा जोडण्यासाठीच आहे. तोवर रुग्णाच्या हातातील प्लॅस्टिकची पिशवी आणि तीत कोंबलेले जुने कागद हाच त्याचा इतिहास!

क्षुल्लक तक्रारी हा गैरसमज

सर्दी-पडशासाठी रात्री-अपरात्री येऊन हे लोक खऱ्या गंभीर रुग्णांची वाट अडवतात, हा यासंदर्भातील सर्वांत मोठा गैरसमज होय. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी आढाव्याने तो खोडून काढला. वारंवार येणारे रुग्ण इतरांपेक्षा अधिक आजारी असतात. त्यांना एकाहून अधिक जुनाट व्याधी असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांना नेहमीचा डॉक्टरही असतो. म्हणजे डॉक्टर नाही म्हणून ते येतात, हे स्पष्टीकरणही पुरेसे नाही.

श्वसनविकारांचेच उदाहरण घेता येईल. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावांमधील सुमारे साडेसात हजार डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी केली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रार होती. धूम्रपान न करणाऱ्यांनाही 'सीओपीडी' हा फुफ्फुसांचा चिवट आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे प्रमुख कारण आहे, याकडे २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगाचे लक्ष वेधण्यातही याच संस्थेचा वाटा होता. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली आणि मुलाच्या नोकरीमुळे आता शहरात आलेली आजी विडी कधीच ओढलेली नसताना दर हिवाळ्यात धापा टाकत कॅज्युअल्टीत का येते, याचे उत्तर यात आहे.

मात्र आजार आहे म्हणून माणूस वारंवार कॅज्युअल्टीत येतो, हेही अर्धेच सत्य आहे. दम्याचे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे एकदाही रात्री धावपळ न करता जगतात. फरक पडतो तो इन्हेलरमध्ये. इन्हेलर दोन प्रकारचे असतात. एक श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारा, दुसरा तिची आतली सूज कमी ठेवणारा. पहिल्याचा परिणाम मिनिटांत जाणवतो, दुसऱ्याचा दिवसेंदिवस घेतल्यावरच दिसतो. त्यामुळे पैसे कमी पडले की दुसरा बंद होतो आणि पहिल्यावरच निभावले जाते. त्यात 'पंपाची सवय लागते' हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला. मुलीचे लग्न जमेपर्यंत तिचा इन्हेलर लपवून ठेवणारी कुटुंबेही असतात. सूज वाढत जाते आणि एका रात्री पहिला पंपही चालेनासा होतो. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन व नेब्युलायझरने श्वास मोकळा झाला, की उपचार संपले असे रुग्णाला वाटते. वास्तविक ते तेथून सुरू व्हावयाचे असतात.

हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झालेल्या रुग्णांचेही असेच होते. अशा रुग्णाने मीठ कमी खावयाचे, लघवी वाढविणारी गोळी न चुकता घ्यावयाची आणि रोज वजन पाहावयाचे असते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असते. पण दोन तास बसमध्ये उभे राहून कामाला जाणाऱ्या माणसाने ती गोळी सकाळी कशी घ्यावी? वाटेत स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नाही. तो गोळी टाळतो. आठवड्याने रात्री आडवे झाले की जीव गुदमरू लागतो.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. प्रवास, रोजगार व खर्च यांपायी अनेक जण दोनदाच करतात. मधल्या दिवसांत रक्तातील पोटॅशियम आणि अंगातील पाणी वाढते व एखादी पाळी चुकली की तातडीचा विभाग गाठावा लागतो. मधुमेहींच्या बाबतीत उपवासाचे दिवस जोखमीचे ठरतात. एकादशी किंवा श्रावणी सोमवार म्हणून जेवण टाळले, पण साखरेची गोळी वा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतले, की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. ग्लुकोज दिल्यावर तासाभरात तो ठीक होतो, आणि पुढच्या उपवासाला पुन्हा तेच. फिट येण्याच्या आजारात तर गोळ्या बंद करणे हेच पुन:पुन्हा आकडी येण्याचे नेहमीचे कारण असते.

ओपीडीची रांग आणि दिवसाचा रोज

सरकारी व महापालिका रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग मुख्यतः सकाळच्या वेळेत चालतो. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त देण्याची रांग आणि औषधांची रांग. तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी. रोजंदारीवरील बांधकाम मजूर, धुणीभांडी करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक यांच्या दृष्टीने एका ओपीडीचा अर्थ दोन दिवसांची मजुरी बुडणे असा होतो. कॅज्युअल्टी मात्र चोवीस तास उघडी. डॉक्टर, ईसीजी, एक्स-रे, रक्ततपासणी सारे एका छताखाली, एका रात्रीत. या हिशेबाला बेजबाबदारपणा म्हणणे सोपे आहे. पण तो हिशेब चुकीचा आहे, असे म्हणता येत नाही.

शहरही पसरले आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाल्यावर पुणे महापालिकेची हद्द ५१६ चौरस किलोमीटरवर गेली. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या २०१३ मधील निकषानुसार शहरात दर ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. वाढत्या उपनगरांतील रहिवाशाला मात्र आजही रात्री आठनंतर पुणे स्टेशनजवळचे ससूनच आठवते. १८६७ पासून उभे असलेले हे रुग्णालय सातारा, सोलापूर, अहिल्यानगर येथून पाठविलेल्या रुग्णांचाही भार वाहते. कामावरून परतणाऱ्यांसाठी संध्याकाळी उघडा राहणारा 'आपला दवाखाना' १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू करण्यात आला, तो ही उणीव ओळखूनच.

पैशाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ही योजना, डायलिसिससारखे अपवाद सोडता, मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. महिन्याचे इन्हेलर, रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन यांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम २०२१-२२ मध्ये लोकांच्या स्वतःच्या खिशातून गेली, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. परिणाम असा, की काही शे रुपयांचे औषध न परवडल्याने बंद होते आणि त्यातून उद्भवलेल्या हजारो रुपयांच्या उपचारांचा भार योजना उचलते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क झाले. पुणेकरांसाठी याचा अर्थ औंधचे जिल्हा रुग्णालय. ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. हा प्रशासकीय भेद रुग्णाला कुठून ठाऊक असणार!

यातच भर पडते ती अर्ध्यावर सोडलेल्या उपचारांची. 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून निघून जाणारे रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात. घरी लहान मूल असते, कामावरून काढून टाकण्याची भीती असते, किंवा बरोबर थांबायला कुणी नसते. अर्धवट बरा झालेला न्यूमोनिया चार दिवसांत परत येतो. डॉक्टर चिडतात, रुग्ण खजील होतो.

दारू, भीती आणि न सांगितलेली मारहाण

कॅज्युअल्टीत वारंवार येणाऱ्यांचा एक गट दारूशी निगडित असतो. स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात उठणारी असह्य कळ, जलोदर, रक्ताच्या उलट्या, पडून झालेल्या जखमा आणि दारू एकाएकी बंद केल्यावर येणारी फिट किंवा भ्रम ही त्याची रूपे होत. जखम शिवली जाते, सलाईन लावले जाते. दारू तशीच राहते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही भूमिका या केंद्राने शहरात रुजवली. तरीही जखम शिवून झाल्यावर 'मुक्तांगण'सारख्या ठिकाणी पोहोचविणारा माणूस बहुतेकदा कॅज्युअल्टीत नसतो, आणि डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेला सल्ला चिठ्ठीतच राहतो.

तीव्र भीतीचे झटके हा असाच दुर्लक्षित विषय. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, 'आता मी मरणार' ही खात्री. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण असो वा गृहिणी, असा झटका आलेला माणूस धावतो तो हृदयविकार समजूनच. 'ईसीजी नॉर्मल आहे, काही झालेले नाही, घरी जा' एवढेच सांगितले, तर तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रुग्णालयात जातो, कारण त्याच्या लेखी काहीतरी नक्कीच झालेले असते. आजाराचे नाव आणि उपचाराची दिशा त्याच वेळी सांगितली गेली, तर हा फेरा थांबण्याची शक्यता वाढते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी विनाशुल्क सल्ला मिळतो.

'बाथरूममध्ये पाय घसरला' असे सांगत तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आलेली विवाहिता हा तर कॅज्युअल्टीतील कठीण प्रसंग. सोबत नवरा उभा असतो आणि प्रश्नांची उत्तरे तोच देतो. अशा महिलांना वेगळे बसवून विचारणारे, समुपदेशन व कायदेशीर मदत देणारे 'दिलासा' केंद्र मुंबई महापालिका व 'सेहत' या संस्थेने २००० मध्ये वांद्रे येथील भाभा रुग्णालयात सुरू केले. रुग्णालयातच असे केंद्र हवे, ही कल्पना पुढे अन्यत्रही स्वीकारली गेली. वारंवार होणारी जखम हीच तेथे निदानाची खूण मानली जाते.

वेदनेचे रुग्णही संशयाच्या फेऱ्यात सापडतात. विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार शिक्षण-नोकरीनिमित्त आलेल्या तरुणांबरोबर पुण्यातही पोहोचला आहे. या आजारात रक्तपेशी वाकून बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. परिचय नसलेल्या डॉक्टरला, हा मुलगा इंजेक्शनच्या सवयीने येतो, असे वाटू शकते. प्रत्यक्षात उशीर झाला तर त्याच्या फुफ्फुसांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते.

वृद्ध आणि मरणासन्न

निवृत्तांचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. मुले परदेशी आणि कोथरूड-सहकारनगरच्या सदनिकेत ज्येष्ठ जोडपे, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. दोघांपैकी एक गेल्यावर उरलेल्याच्या चकरा वाढतात. पडणे, चक्कर, औषधांची सरमिसळ ही कारणे असतातच. पण रात्री एकटे असताना वाटणारी धास्ती हेही कारण असते. ब्रिटिश रेडक्रॉसच्या अहवालातही एकटेपणाचा उल्लेख ठळकपणे आला आहे.

कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची फरफट सर्वांत क्लेशकारक. उपचार थांबलेले असतात, पण वेदना, उलट्या, धाप थांबत नाहीत. घरच्यांना काय करावे ते सुचत नाही आणि रुग्णवाहिका बोलावली जाते. तेथे पुन्हा सुया, पुन्हा तपासण्या. वारजे येथे १९९७ पासून विनामूल्य सेवा देणाऱ्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्राने घरच्या घरी वेदनाशमन कसे करावे, हे अनेक कुटुंबांना शिकविले आहे. मॉर्फिनवरील कायद्याची बंधनेही २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. एवढे असूनही 'पॅलिएटिव्ह' म्हणजे आशा सोडणे, या समजुतीने कुटुंबे तेथे पोहोचतात ती फार उशिरा.

नकार देता येत नाही

वारंवार येतो म्हणून रुग्णाला परत पाठविता येते का? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात, जीव वाचविणे हे सरकारी वा खासगी प्रत्येक डॉक्टरचे आद्य कर्तव्य ठरविले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम न मागता प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावयाचे आहेत. प्रकृती स्थिर झाल्यानंतर काय, याविषयी मात्र हे निर्णय फारसे काही सांगत नाहीत, आणि वारंवार येणाऱ्या रुग्णाची खरी अडचण तेथेच सुरू होते.

कॅम्डेनचा धडा

अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यात कॅम्डेन नावाचे एक गरीब शहर आहे. तेथील डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास केला, तेव्हा एक टक्का रुग्णांवर ३० टक्के खर्च होत असल्याचे दिसले. त्यांनी परिचारिका व समाजसेवकांची पथके या रुग्णांच्या घरी धाडली. औषधे लावून देणे, निवाऱ्याची सोय पाहणे, डॉक्टरची वेळ ठरवून देणे अशी ती कामे होती. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावच्या कुटुंबातील शल्यविशारद-लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात याविषयी लिहिले आणि हा प्रयोग जगभर गाजला.

पुढे त्याची काटेकोर चाचणी झाली. ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पथकाची मदत मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा दाखल झाले. म्हणजे फरक शून्य! दोन्ही गटांतील दाखल होण्याचे प्रमाण आधीपेक्षा मात्र बरेच घटले होते. माणूस सर्वाधिक आजारी असताना त्याची निवड केली, तर काही महिन्यांनी तो काहीसा सावरतोच, मदत मिळो वा न मिळो. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर सारे श्रेय पथकाला गेले असते. या निकालाचा अर्थ मदत निरुपयोगी, असा काढणे घाईचे ठरेल. परवडणारे घर, व्यसनमुक्ती उपचार, वेळेवर भेटणारा डॉक्टर हेच शहरात अपुरे असतील, तर तेथवर हात धरून नेणारे पथक तरी काय करणार, हा प्रश्न त्यातून पुढे आला. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' हे पद पूर्वापार आहे. रुग्णाच्या योजनेची कागदपत्रे, बेवारस रुग्णांची सोय, नातेवाइकांचा शोध यांतच त्यांचा दिवस संपतो.

घरच्यांनी काय करावे

घरातील व्यक्तीला वर्षात तीन-चारदा तातडीने न्यावे लागले असेल, तर प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि सध्या सुरू असलेल्या औषधांची यादी एकाच फायलीत दाराजवळ ठेवावी. औषधाची ॲलर्जी ठळक अक्षरांत लिहावी. कॅज्युअल्टीतून निघताना 'पुढची ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत' आणि 'यांतील कोणते औषध बंद करायचे नाही' हे दोन प्रश्न विचारून उत्तर कार्डावरच लिहून घ्यावे. इन्हेलर कसा ओढावा, हे परिचारिकेसमोर एकदा करून दाखवावे. कित्येकांचे औषध घशातच राहते.

छातीत दाब येऊन घाम फुटणे, चेहरा किंवा हातपाय एका बाजूने लुळे पडणे, जीभ जड होणे, एक वाक्य पूर्ण बोलता येणार नाही इतकी धाप, शुद्ध हरपणे किंवा न थांबणारी फिट यांपैकी काहीही झाल्यास, आदल्या आठवड्यात कितीही वेळा जाऊन आलेले असले तरी, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य असून तीत डॉक्टर असतो. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर 'नेहमीचाच त्रास आहे' असे नातेवाइकांनी स्वतःहून सांगू नये. या वेळी नेहमीपेक्षा वेगळे काय आहे, ते आधी सांगावे.